आधी परतीचं पाणी ठरवा, सामान मग

प्रश्न असा आहे: दोघे मित्र, हातात शनिवार-रविवार. मोठ्या तलावाच्या काठाकाठानं कयाक वल्हवत जंगलातल्या एका काठावर पोचायचं, तिथं तंबू टाकायचा, सॅक पाठीवर घेऊन वरच्या डोंगरधारेवर जाऊन यायचं आणि दुसऱ्या दिवशी परत. दोघांनी ट्रेक भरपूर केलेत, कयाक मात्र शांत पाण्यात चार-पाच वेळाच. सामान काय घ्यायचं आणि दिवसाला किती अंतर धरायचं, एवढंच त्यांनी विचारलंय.

दोन्हींची उत्तरं देतो. पण त्यांनी जे विचारलं नाही तिथून सुरुवात करतो, कारण माझ्या अनुभवात अशा सहली सामानापायी फारशा बिघडत नाहीत, त्या वेळापत्रकापायी बिघडतात. ट्रेक करणारी माणसं साधारण असा आराखडा आखतात: शनिवारी निवांत निघू, दुपारी पोचू, रविवारी सकाळी धार चढून येऊ आणि जेवून वल्हवत परतू. डोंगरात हे चालतं. पाण्यावर हा आराखडा नेमका उलटा आहे.

कारण वारा. रात्री जमीन गार होते आणि तिच्या लगतची हवा जड होऊन बसून राहते. म्हणून पहाटे पाणी आरशासारखं दिसतं. ऊन चढलं की जमीन तापते, हवा वर-खाली घुसळायला लागते आणि वरचा वेगवान वारा त्या घुसळणीत खाली उतरतो. दुपारी वाऱ्याचा जोर असतो, संध्याकाळी तो पुन्हा पडतो. रोज असंच होईल असं नाही, पण स्वच्छ हवेच्या दिवशी बहुतेक वेळा असंच होतं. आता रविवारची दुपार डोळ्यांसमोर आणा. पाय चढून-उतरून थकलेत, खांदे आदल्या दिवशीचे दुखताहेत, समोरून वारा येतोय आणि डोक्यात सोमवारची सकाळ आहे. चारही गोष्टी एकाच वेळी अंगावर घेण्याची काहीच गरज नसते.

हा धडा मी वाचून शिकलो नाही. अशाच एका सहलीत मी आणि माझा मित्र रविवारी दुपारी दोनला परत निघालो. काठालगत पाणी शांत होतं, कारण वारा जमिनीवरून पाण्याकडे वाहत होता आणि झाडांनी तो अडवला होता. काठ सोडून दोनशे मीटर पुढे गेलो आणि पाठीवर वाऱ्याचा रेटा बसायला लागला. कयाक छान पळतेय म्हणून आम्ही खूश झालो. मित्रानं मागं वळून पाहिलं तेव्हा काठ फार दूर गेला होता. परतायला तोंड फिरवलं आणि अर्धा तास जीव तोडून वल्हवलं, पण जेमतेम तेवढेच दोनशे मीटर कापले. काठाला लागलो तेव्हा मित्राचे हात थरथरत होते आणि माझ्या तोंडून शब्द फुटत नव्हता. अंधार पडेपर्यंत आम्ही तिथंच बसून राहिलो. काठाकडून पाण्याकडे वाहणारा वारा फार फसवा असतो. तुम्ही उभे असता तिथं तो जाणवत नाही आणि जाणवायला लागतो तेव्हा तो तुम्हाला हवं त्याच्या उलट दिशेला नेत असतो. तेव्हापासून काठावर उभा राहून मी आधी पाण्याच्या मध्यभागाकडे बघतो, पायाशी नाही.

म्हणून तुमचा आराखडा असा ठेवा. शनिवारी उजाडता उजाडता पाण्यात उतरा आणि सकाळी दहाच्या आत मुक्कामाच्या काठाला लागा. तंबू टाका, खा, तासभर पाय पसरा. दुपारी पाण्यावर वारा सुटेल तेव्हा तुम्ही झाडीत, पायवाटेवर असाल. धार चढून उजेड शिल्लक असतानाच तंबूपाशी या. रविवारी पहाटे सगळं आवरून पुन्हा शांत पाण्यावर निघा. धारेवरचा सूर्योदय हुकेल, हे खरं. तो हवाच असेल तर तिसरा दिवस काढा. पण परतीचं वल्हवणं दुपारवर ढकलू नका.

आता अंतर. सामान भरलेली कयाक नवख्या माणसाच्या हातात सपाट पाण्यावर तासाला चारेक किलोमीटर जाते, थांबे धरून त्याहून कमी. पहिल्या खेपेला एका बाजूचं अंतर सहा ते आठ किलोमीटरच्या वर नेऊ नका. समोरून वारा असेल तर वेळ सरळ दुप्पट धरा. वाऱ्याचा अंदाज पाण्याच्या रंगरूपावरून येतो. पाण्यावर पांढऱ्या फेसाचे तुरे तुरळक दिसू लागले की सावध व्हा. जागोजागी दिसू लागले की वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्ट मापनश्रेणीवर तो 4 क्रमांकाचा वारा, म्हणजे ताशी 20 ते 28 किलोमीटर. अशा वाऱ्यात नवख्यानं काठावरच राहावं. उघड्या पाण्यावरून वारा जितका लांबून येतो तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून एकाच वाऱ्यात तलावाचं एक टोक शांत आणि दुसरं खवळलेलं असू शकतं. नकाशावर वाऱ्याची दिशा काढा आणि त्या दिशेला उघडं पाणी किती लांब पसरलंय ते मोजा. शक्यतो काठाकाठानं जा. वाटेत आत शिरलेला फाटा लागला की सरळ कापून किलोमीटरभर वाचवायचा मोह होतो. पहिल्या सहलीत तो मोह टाळा.

चालण्यासाठी स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी 1892 मध्ये सांगितलेला हिशेब आजही उपयोगी पडतो: दर 5 किलोमीटरला एक तास आणि दर 600 मीटर चढाईला आणखी एक तास. तुमची धारेची वाट जाऊन-येऊन 8 किलोमीटर आणि चढ 450 मीटर असेल, तर 96 मिनिटं आणि 45 मिनिटं मिळून दोन तास एकवीस मिनिटं होतात. पण हा हिशेब ताज्या पायांचा आणि न थांबता चालण्याचा. सकाळी वल्हवून आलेल्या माणसानं त्यात तिसरा हिस्सा वाढवावा, म्हणजे तीन तासांच्या थोडं वर. वल्हवण्यानं पाय थकत नाहीत, अशी ट्रेकवाल्यांची समजूत असते. नीट वल्हवणारा माणूस हातांनी ओढत नाही, कंबरेतून धड फिरवतो आणि पायांनी आतल्या पायटेकूवर रेटा देतो. शिवाय दोन-तीन तास एकाच बैठकीत राहून कंबर आणि मांडीच्या मागचे स्नायू आखडतात. चढाला लागण्याआधी दहा मिनिटं ते मोकळे करून घ्या.

आता पाण्यातल्या सुरक्षिततेकडे येतो. इथं मी थोडा आग्रही आहे, तो माझा स्वभाव समजा. लाइफ जॅकेट अंगात हवं, चेन लावलेलं, पट्टे आवळलेले. मित्रानं दोन्ही खांद्यांना धरून वर ओढलं तर ते कानांपर्यंत सरकता कामा नये. कपडे हवेप्रमाणे नव्हे, पाण्याप्रमाणे घाला. ऊन कितीही कडक असलं तरी पाणी 15 अंशांच्या खाली असेल तर ते थंडच समजायचं. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगानं शरीराची उष्णता खेचून घेतं. मॅनिटोबा विद्यापीठातले गॉर्डन गीसब्रेख्त यांनी थंड पाण्यासाठी 1-10-1 हे सूत्र रूढ केलं. पहिलं एक मिनिट श्वासावर ताबा मिळवण्याचं. पाण्यात पडताच धाप लागते आणि तोंड पाण्याखाली असेल तर त्याच धापेबरोबर पाणी आत जातं. पुढची दहा मिनिटं हात-पाय कामाचे असतात आणि सुटकेचे प्रयत्न तेवढ्यातच करायचे असतात. त्यानंतर गारठ्यानं शुद्ध हरपायला साधारण तासभर लागतो. म्हणजे चांगला पोहणाराही थंड पाण्यात आधी श्वास आणि हात गमावतो, उष्णता नंतर. लाइफ जॅकेट त्या पहिल्या मिनिटासाठी आहे. उलटल्यावर पाण्यात तरंगताना ते घालू म्हणणाऱ्याला मी सोबत नेत नाही.

दोघं जाताय याचा सर्वांत मोठा फायदा हा की तुमच्यापैकी प्रत्येकजण दुसऱ्याचा तारणहार होऊ शकतो. पण त्यासाठी सराव हवा. जाण्याच्या आठवडाभर आधी कंबरभर पाण्यात, सामान भरलेल्या कयाकनं, मुद्दाम उलटून पाहा. क्रम असा. उलटलेल्यानं कयाक सोडायची नाही, वल्हंही सोडायचं नाही. दुसऱ्यानं आपली कयाक तिच्या पुढच्या टोकाशी काटकोनात आणायची. पाण्यातल्यानं मागच्या टोकाकडे जाऊन ते खाली दाबायचं, की पुढचं टोक वर येतं. दुसऱ्यानं ते उपडंच आपल्या कयाकवर ओढून घ्यायचं, म्हणजे बैठकीतलं पाणी निथळतं. मग ती सुलटी करून पाण्यात ढकलायची आणि दोन्ही कयाक शेजारी शेजारी लावायच्या, पुढची टोकं विरुद्ध दिशांना. दुसऱ्यानं तिच्या बैठकीची कड दोन्ही हातांनी गच्च धरून तिच्यावर सगळं वजन टाकायचं. पाण्यातल्यानं पाय मारत मागच्या भागावर पोट टेकवून चढायचं, पोटावरच वळून पाय बैठकीत सारायचे आणि मग उठून बसायचं. पहिल्यांदा दहा मिनिटं लागतील. तीन मिनिटांच्या आत जमेपर्यंत करत राहा. दोघांनीही, दोन्ही भूमिकांत.

यात एक अट आहे. कयाकमध्ये बैठकीच्या पुढे-मागे बंद कप्पे हवेत. बैठकीमागं आडवी भिंत नसेल तर पाणी निथळत नाही, आतल्या आत इकडून तिकडे फिरतं. तशा कयाकमध्ये दोन्ही टोकांना हवेच्या पिशव्या कोंबाव्या लागतात. वर उघडी बैठक असलेली कयाक उलटली तर ती सरळ सुलटी करून तिच्यावर चढता येतं. नवख्यांना ती सोपी, पण सामान कोरडं ठेवायला तिच्यात जागा कमी. दोघांना मिळून एक जोडकयाक घ्यावी का, असंही विचारलं जातं. ताकदीत फार फरक असेल तर घ्या, कारण मग कुणी मागं राहत नाही. नाहीतर दोन वेगळ्या बऱ्या. जोडकयाक उलटली तर दोघंही पाण्यात असतात आणि मदतीला कुणी कोरडं उरत नाही. दोन कयाकमधलं अंतर हाक ऐकू जाईल एवढंच ठेवा. वाऱ्यात हाक फार लवकर विरते, म्हणून प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटला शिट्टी बांधा.

आता सामान. पहिल्यांदा जाणाऱ्यांची दमछाक इथं होते. ट्रेकची सॅक भरून तयार असते, पाण्याच्या काठावर येतात आणि ती कयाकच्या झाकणातून आत जातच नाही. पुढच्या झाकणाचं तोंड बऱ्याचदा ताटलीएवढं गोल असतं. आत दांड्या असलेली ताठ सॅक त्यातून जाणं शक्यच नाही. म्हणून मऊ, विनादांड्यांची, पण रुंद कंबरपट्टा असलेली 45-50 लिटरची सॅक घ्या. ती रिकामी गुंडाळून सर्वांत शेवटी कप्प्यात सारा. बाकी सगळं पाच ते दहा लिटरच्या ड्राय बॅगांमध्ये, म्हणजे पाणी आत न शिरणाऱ्या पिशव्यांमध्ये. चाळीस लिटरची एक मोठी बॅग घेण्याचा मोह होतो, पण ती आतल्या निमुळत्या जागेत बसत नाही आणि एकदा गळली की सगळंच भिजतं. बॅगेतली हवा दाबून काढा आणि तोंडाला निदान तीन घड्या घाला. हवा राहिली तर बॅग फुगून जागा खाते. काठाला लागलं की त्याच छोट्या बॅगा सॅकमध्ये जशाच्या तशा जातात, पुन्हा बांधाबांध करावी लागत नाही.

भरताना जड वस्तू, म्हणजे पाणी, अन्न, चूल आणि इंधन, बैठकीच्या जवळ आणि तळाशी ठेवा. स्लीपिंग बॅग, कपडे असं हलकं सामान टोकांकडे. डावं-उजवं सारखं झालंय का ते काठावरच पाण्यात तरंगवून पाहा. पुढचं टोक जड झालं तर कयाक सारखी वाऱ्याकडे तोंड वळवते आणि मागचं जड झालं तर वाऱ्याबरोबर वाहायला बघते. दोन्ही प्रकारांत दिवसभर एका बाजूचं वल्हं जास्त मारावं लागतं आणि एक खांदा जातो. वरच्या पृष्ठभागावर नकाशा, पाण्याची बाटली आणि दोघांत मिळून एक जादा वल्हं, बस. तंबू वर बांधणारे मी पाहिलेत. वाऱ्यात ते शीड होतं.

कयाकला वजन जाणवत नाही म्हणून माणसं घडीच्या खुर्च्यासुद्धा नेतात. ट्रेकचा रुळलेला अंदाज लक्षात ठेवा: सॅकचं वजन शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिस्स्याच्या आत, म्हणजे 70 किलोच्या माणसाला 14 किलो. कयाकमध्ये जे जाईल ते पाठीवर घेऊन किलोमीटरभर नेता आलं पाहिजे, अशीच निवड करा. वारा फिरला आणि कयाक काठावर बांधून पायी बाहेर पडायची वेळ आली तर ही काटकसर कामाला येते. मला ती एकदा आली आहे.

पावलांकडे ट्रेकवाल्यांनी खास लक्ष द्यावं. वल्हवताना पाय तासन्‌तास ओले राहतात आणि कातडी फुगून मऊ पडते. त्याच पायांत बूट घालून चढाला लागलात की फोड ठरलेलेच. पाण्यासाठी वेगळी पादत्राणं घ्या आणि ट्रेकचे बूट ड्राय बॅगेत ठेवा. काठाला लागल्यावर पाय पुसून निदान अर्धा तास उघडे वाळू द्या, मगच कोरडे मोजे चढवा. झोपायच्या मोज्यांचा एक जोड असा ठेवा की तो तंबूबाहेर वापरायचाच नाही. कपड्यांत सुती टाळा. सुती ओलं झालं की वाळत नाही आणि अंगातली ऊब खेचतं. स्लीपिंग बॅग पिसांची असेल तर ती भिजल्यावर तिची ऊब जवळजवळ संपते. कृत्रिम तंतूंची थोडी जड असते, पण ओली झाली तरी काही ऊब देते. पाण्याच्या सहलीला मी जड असली तरी तीच नेतो. खाली मॅट चांगली हवी, कारण जमीन रात्रभर ऊब शोषत असते.

पिण्याचं पाणी तलावातलंच घ्यायचं असेल तर काठापासून जरा आत जाऊन घ्या. खळखळून एक मिनिट उकळा. 2000 मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं. हातातले गाळणी फिल्टर जिवाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी अडवतात, पण विषाणू बहुतेक फिल्टरमधून निसटतात. वरच्या बाजूला वस्ती असेल तर उकळणंच बरं.

तंबू पाण्याच्या रेषेपासून साठेक मीटर दूर टाका. जनावरांना काठावर यायची वाट मोकळी राहते आणि पाणीही घाण होत नाही. टाकण्याआधी मान वर करून वाळक्या फांद्या आहेत का बघा. निजताना अन्न तंबूत ठेवू नका. शौचासाठी पाण्यापासून तेवढंच दूर, वीतभर खोल खड्डा. आणि कयाक. ती नुसती वर ओढून ठेवू नका, झाडाला बांधा. रात्रीत पाणी वाढतं, वारा रिकामी कयाक उचलतो आणि सकाळी ती तलावाच्या मध्यावर दिसते.

तलावाऐवजी नदी निवडणार असाल तर पहिल्या खेपेला नदीच्या अवघडपणाच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीतल्या 1 क्रमांकाच्याच, म्हणजे सर्वांत सोप्या पाण्यावर जा. पात्रात आडवं पडलेलं झाड दिसलं की फार आधीच काठाला लागा. पाणी फांद्यांतून निघून जातं आणि माणूस तिथंच दाबला जातो. बुटके बंधारे वरच्या बाजूनं दिसतच नाहीत आणि त्यांच्या पायथ्याचं पाणी माणसाला पुन्हा पुन्हा आत ओढतं. नकाशावर ते आधी शोधा आणि कयाक खांद्यावर घेऊन वळसा घाला.

मित्राशी घरून निघण्याआधी एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या: दोघांपैकी कुणीही ‘नको’ म्हणालं की नको. कारण विचारायचं नाही, समजूत घालायची नाही. चांगल्या मैत्रीत हे अवघड जातं, कारण एकमेकांचा विरस होऊ नये म्हणून दोघंही गप्प राहतात. माझ्या त्या दुपारी आम्हा दोघांनाही निघताना शंका आली होती. दोघांनीही ती नंतर सांगितली. आणि एकमेकांकडे बघत राहा. बडबड्या मित्र अचानक गप्प झाला, शब्द जड झाले, चेन लावताना बोटं चुकायला लागली, की गारठा आत शिरतोय असं समजा. काठाला लागा, ओले कपडे काढा, कोरडे घाला, गरम आणि गोड काहीतरी प्यायला द्या. ‘मी ठीक आहे’ या त्याच्या शब्दावर तेव्हा विसंबू नका. मेघगर्जना ऐकू आली तर पाण्यावरून तात्काळ उतरा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबा.

निघताना तिसऱ्या कुणाकडे कागद ठेवा: कुठून उतरणार, मुक्काम कुठं, कोणती वाट, कयाकचे रंग आणि कोणत्या वेळेपर्यंत निरोप आला नाही तर मदत बोलवायची. फोनला तिथं नेटवर्क नसेल तर 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहाला संदेश देणारं आपत्कालीन बीकन भाड्यानं मिळतंय का बघा. मदत बोलवायची वेळ मात्र रविवारच्या दुपारची लिहू नका, सोमवारच्या दुपारची लिहा आणि सोमवारची सुट्टी आधीच टाका. एका जेवणाचं अन्न जास्त घ्या. रविवारी पहाटे तंबूतून डोकं बाहेर काढल्यावर मध्यावर पांढरे तुरे दिसले, तर चहा ठेवा आणि संध्याकाळी वारा पडेपर्यंत थांबा. पडला नाही तर आणखी एक रात्र काढा.